ऑफ-ग्रिड सोलर: तार किती जाड घ्यावी, ब्रेकर किती अँपिअरचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. अकोले तालुक्यात घाटाच्या अंगाला तुमचं शेतघर आहे आणि महावितरणची लाईन तिथवर आलेली नाही. 540 वॅटची चार पॅनेल घेतली आहेत. बॅटरी 48 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट आणि इन्व्हर्टर 3 किलोवॅटचा आहे. चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारं यंत्र) 150 व्होल्ट, 60 अँपिअरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, ठरवला आहे, पण अजून विकत घेतलेला नाही. घरावर झाडांची सावली येते म्हणून पॅनेल 28 मीटर लांब, खळ्याच्या कडेला उभी राहणार आहेत. वायरमनने सांगितलंय, ‘सगळीकडे चार स्क्वेअरची वायर टाकू आणि प्रत्येक ठिकाणी 32 चा एमसीबी लावू.’ हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. (स्क्वेअर म्हणजे तारेच्या छेदाचे चौरस मिलिमीटर, आणि एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा ब्रेकर.)

नाही, चालणार नाही. पॅनेलच्या बाजूला या जोडणीत चार स्क्वेअरने वीज वाया जाईल. बॅटरीच्या बाजूला तीच तार आग लावू शकते. आणि घरात वापरतो तो साधा एसी एमसीबी 100 व्होल्टच्या डीसी लाईनवर बसवणं ही या तिन्हींत सर्वांत घातक गोष्ट आहे. तुमच्या वायरमनला दोष देत नाही. घराच्या वायरिंगमध्ये त्याचा हिशेब बरोबरच असणार, पण सोलरमध्ये एकाच घरात तीन वेगळ्या स्वभावांची वीज वाहते आणि प्रत्येकीसाठी विचार वेगळा करावा लागतो.

आधी ब्रेकरबद्दल. ब्रेकर यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. तारेतून नेहमी जाणारा करंट ब्रेकरच्या आकड्यापेक्षा कमी हवा आणि ब्रेकरचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. म्हणून क्रम असा: आधी भार किती अँपिअरचा आहे ते ठरवायचं, मग त्याला सव्वापट करून ब्रेकर निवडायचा, मग त्या ब्रेकरपेक्षा जास्त पेलेल अशी तार घ्यायची आणि शेवटी अंतरामुळे ती आणखी जाड करावी लागते का ते बघायचं. पुष्कळ जण घरात पडून असलेल्या तारेपासून सुरुवात करतात आणि ब्रेकर वारंवार पडायला लागला की त्याच तारेवर मोठा ब्रेकर चढवतात. असं केल्यावर त्या तारेला कुणीच वाली उरत नाही.

तारेची क्षमता म्हणजे तिच्यावर छापलेला एकच आकडा नव्हे. 30 अंश हवेत, पाइपमधून नेलेली तांब्याची दोन तारांची पीव्हीसी जोडी साधारण एवढा करंट पेलते: 4 स्क्वेअरला 32 अँपिअर, 6 ला 41, 10 ला 57, 16 ला 76, 25 ला 101 आणि 35 ला 125. हवा 40 अंशांवर गेली की या आकड्यांना 0.87 ने गुणायचं, 50 अंशांवर 0.71 ने. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी पुढचा सगळा हिशेब 40 अंश धरून करतो. बॅटरी-इन्व्हर्टर भिंतीच्या सावलीच्या बाजूला, खेळत्या हवेत ठेवा म्हणजे हा हिशेब खरा राहील. सोलरची खास डीसी केबल वेगळी असते. तिचं आवरण जास्त उष्णता सोसतं, त्यामुळे तीच 4 स्क्वेअर मोकळ्या हवेत 60 अंशांतही 55 अँपिअर आणि 6 स्क्वेअर 70 अँपिअर पेलते.

आता पॅनेलची बाजू. 540 वॅटच्या पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीवर चार आकडे असतात. तुमच्या पॅनेलचे आकडे बघून घ्या, पण साधारण असे असतील: उघडं व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसताना) 49.5, कामाचं व्होल्टेज 41.5, शॉर्ट-सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट एकमेकांना जोडल्यावरचा) 13.85 अँपिअर, कामाचा करंट 13 अँपिअर. यातला उघडं व्होल्टेज हा आकडा थंडीत वाढतो, दर अंशाला सुमारे 0.27 टक्के. तुमच्याकडे जानेवारीत पहाटे 5 अंशांपर्यंत उतरत असेल असं धरू. म्हणजे चिठ्ठीवरच्या 25 अंशांपेक्षा 20 अंश कमी, व्होल्टेज 5.4 टक्के जास्त, एका पॅनेलचं 52.2 व्होल्ट. दोन पॅनेल सिरीजमध्ये (एकामागोमाग जोडली, की व्होल्टेजची बेरीज होते) 104 व्होल्ट, तीन सिरीजमध्ये 156. कागदावर तीन पॅनेलचं व्होल्टेज 148.5 दिसतं, 150 च्या आत बसतं आणि माणूस फसतो. दिवाळीत बसवलेला कंट्रोलर जानेवारीतल्या एखाद्या स्वच्छ, गार सकाळी जातो. जास्त व्होल्टेजने गेला हे कंट्रोलरच्या नोंदीत दिसतं आणि कंपनी वॉरंटी देत नाही. म्हणून 150 व्होल्टच्या कंट्रोलरवर तुमची जोडणी एकच होऊ शकते: दोन-दोन पॅनेल सिरीजमध्ये आणि अशा दोन रांगा पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी, म्हणजे करंटची बेरीज होते).

या जोडणीत मुख्य तारेतून 83 व्होल्टला 26 अँपिअर येतील. अंतराचा हिशेब असा: अंतर गुणिले 2 (जाण्या-येण्याची तार), गुणिले करंट, गुणिले 0.021, भागिले तारेची जाडी. हा 0.021 तापलेल्या तांब्याचा आकडा आहे. थंड तांब्याचा 0.0172 असतो, पण भर दुपारी तांबं थंड नसतं. तुमच्यासाठी 28 × 2 × 26 × 0.021 म्हणजे 30.6. याला 4 ने भागलं की 7.6 व्होल्ट, 9 टक्क्यांहून जास्त. भर दुपारी जवळपास 200 वॅट नुसती तार तापवण्यात जातील. म्हणजे चारातल्या एका पॅनेलचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग फुकट. 6 स्क्वेअरला 6 टक्के, 10 ला 3.7 टक्के, 16 ला 2.3 टक्के. पॅनेलच्या बाजूला मी 3 टक्क्यांच्या आत राहतो. म्हणजे या जोडणीला 16 स्क्वेअर लागेल. नाहीतर दोन्ही रांगांच्या 6 स्क्वेअरच्या दोन स्वतंत्र जोड्या घरापर्यंत आणून तिथे एकत्र करायच्या. दोन जोड्यांत प्रत्येकी 2.55 व्होल्ट, म्हणजे 3 टक्के पडतात आणि 6 स्क्वेअरची सोलर केबल सहज मिळते. 16 ची सोलर केबल तालुक्याच्या दुकानात बहुतेक मागवावी लागेल.

पण तुम्ही कंट्रोलर अजून घेतलेला नाही, म्हणून इथे थोडं थांबून विचार करा. चारही पॅनेल एकाच रांगेत सिरीजमध्ये लावली तर 166 व्होल्टला फक्त 13 अँपिअर येतात. 4 स्क्वेअरची तीच तार, तेच 28 मीटर, आणि घट 3.8 व्होल्ट म्हणजे 2.3 टक्के. 16 स्क्वेअरने जे साधलं तेच 4 स्क्वेअरने साधतं. 56 मीटर तारेत 16 स्क्वेअरला 8 किलो तांबं लागतं, 4 स्क्वेअरला 2 किलो. मात्र गार सकाळी व्होल्टेज 209 पर्यंत जाईल, म्हणून कंट्रोलर 250 व्होल्टचा हवा. तो महाग असतो हे खरं. तेव्हा दोन्ही कोटेशन घ्या, पण केबलचा खर्च धरून तुलना करा. हल्ली इन्व्हर्टरमध्येच एमपीपीटी असलेली यंत्रं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची मर्यादा 450-500 व्होल्ट असते. तसं यंत्र असेल तर प्रश्नच मिटतो. फक्त त्याचं किमान सुरू होण्याचं व्होल्टेज किती ते बघून घ्या. माझ्या मते 20 मीटरपेक्षा लांब पॅनेल असतील तर आधी व्होल्टेज वाढवायचा विचार करावा, तार जाड करण्याचा नंतर. यात एक धोकाही आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायचं: 120 व्होल्टच्या वरचं डीसी अंगाला लागलं तर जीव घेऊ शकतं. उघडी जोडणी कुठेही नको आणि लहान मुलांचा वावर असेल तर पॅनेलच्या मागच्या बाजूला जाळी हवी.

पॅनेलच्या बाजूच्या ब्रेकरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज असतो. तुमच्या दोन रांगांच्या तारा कुठे घासून एकमेकींना चिकटल्या तर किती करंट वाहील? 27.7 अँपिअर, बस. पॅनेल त्याच्यापेक्षा जास्त देऊच शकत नाही. म्हणजे तिथे बसवलेला 40 चा ब्रेकर त्या शॉर्टला कधीच पडणार नाही. तो बिघडलेला नसतो, पॅनेलचा स्वभावच तसा आहे. म्हणून पॅनेलची तार अशीच घ्यायची की शॉर्ट-सर्किट करंटच्या सव्वापट, म्हणजे इथे 35 अँपिअर, तिने दिवसभर पेलले पाहिजेत. तिथला ब्रेकर मुख्यतः काम करताना लाईन बंद करण्यासाठी असतो. दोन रांगा एकत्र असतील तर 40 अँपिअर. दोन जोड्या वेगळ्या आणल्या तर प्रत्येकीला 20 किंवा 25. चार पॅनेलच्या एका रांगेला 25, कारण उन्हातल्या डब्यात ब्रेकर आपल्या आकड्यापेक्षा आधीच पडतो. दोन रांगांना प्रत्येकी फ्यूज लागत नाही. एका रांगेत बिघाड झाला तर दुसरी तिच्यात फार तर 13.85 अँपिअर ढकलेल आणि पॅनेलच्या चिठ्ठीवरची कमाल फ्यूजची मर्यादा सहसा 25 असते. तिसरी रांग जोडली की दोन रांगा मिळून 27.7 ढकलतात आणि मग प्रत्येक रांगेला फ्यूज हवाच. पुढे पॅनेल वाढवायची असतील तर हे लक्षात ठेवा.

आता साधा एमसीबी का नको ते सांगतो. एसीमध्ये करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ब्रेकर उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझायला वाव मिळतो. डीसीमध्ये करंट शून्यावर येतच नाही. संपर्क दूर होतात, पण मधली ठिणगी पेटलेलीच राहते. तिचं तापमान काही हजार अंश असतं आणि ब्रेकरचं प्लास्टिक त्यापुढे टिकत नाही. मी असे डबे पाहिले आहेत: बाहेरून झाकण नुसतं पिवळं पडलेलं असतं आणि आत ब्रेकरच्या मधोमध काळं भोक. अशा ब्रेकरची दांडी खाली केलेली असते, म्हणजे माणसाला वाटतं की लाईन बंद आहे. काही चांगल्या एसी एमसीबीच्या अंगावर प्रति पोल 60 किंवा 72 व्होल्ट डीसी असं छापलेलं असतं आणि तेवढ्यापुरते ते डीसीला चालतात. छापलेलं नसेल तर वापरू नका. पॅनेलच्या लाईनसाठी दोन पोलचा डीसी एमसीबी घ्या. दोन पॅनेलच्या रांगेला किमान 250 व्होल्ट डीसीचा, चार पॅनेलच्या रांगेला 500 व्होल्टचा.

डीसी एमसीबीतही दोन प्रकार आहेत. काहींच्या टोकांवर अधिक-उणे अशा खुणा असतात. त्यांच्यात ठिणगी विझवायला आत लोहचुंबक बसवलेलं असतं आणि करंट एकाच दिशेने आला तरच ते ठिणगीला विझवणाऱ्या पट्ट्यांकडे ढकलतं. उलटा जोडला तर ते ठिणगीला नको तिकडे ढकलतं. रोजच्या वापरात उलटा ब्रेकरही सुलट्यासारखाच चालू-बंद होतो, म्हणून चूक कळत नाही. ती भर करंटमध्ये तोडायची वेळ येते तेव्हाच कळते. बॅटरी आणि कंट्रोलरच्या मधल्या ब्रेकरमध्ये करंट दोन्ही बाजूंनी येऊ शकतो, तिथे खुणा नसलेला, दोन्ही दिशांना चालणारा प्रकारच घ्या.

बॅटरीच्या बाजूला परिस्थिती नेमकी उलटी आहे. पॅनेल 27 अँपिअरवर थांबतं, बॅटरी थांबत नाही. तुमच्या 48 व्होल्टच्या लिथियम बॅटरीचा आतला रोध सगळे सेल आणि पट्ट्या धरून 10 मिलिओहमच्या आसपास असेल, तर टोकं शॉर्ट झाल्यावर पहिल्या क्षणी पाच हजार अँपिअर वाहू शकतात. आतला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) ते तोडायला असतो, पण आगीपासूनचं संरक्षण फक्त बीएमएसवर सोपवू नये, कारण त्याचे ट्रान्झिस्टर जळतात तेव्हा अनेकदा आतून जोडलेल्या अवस्थेतच जळतात. हात-दोन हात लांब तारेतून हजारो अँपिअर गेले तर ती काही क्षणांत लाल होते.

तुमचा इन्व्हर्टर पूर्ण 3 किलोवॅट देत असेल, बॅटरी 44 व्होल्टपर्यंत उतरली असेल आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर बॅटरीतून 76 अँपिअर निघतात. सव्वापट केले की 95. म्हणून 100 अँपिअरचा फ्यूज. 25 स्क्वेअर 40 अंशांत 88 अँपिअर पेलते, म्हणजे अपुरी. 35 स्क्वेअर 109 पेलते. म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर 35 स्क्वेअर, दोन्ही तारा शक्यतो मीटर-दीड मीटरच्या आत. हाच इन्व्हर्टर 24 व्होल्टचा असता तर करंट 150 च्या वर गेला असता आणि 95 स्क्वेअरची तार लागली असती. तुम्ही 48 व्होल्ट घेतलंत हे फार चांगलं केलंत. 12 व्होल्टवर 1 किलोवॅटच्या वर आणि 24 व्होल्टवर 2 किलोवॅटच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही.

फ्यूज कुठला? गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमला लावतात तो पारदर्शक डबीतला फ्यूज नको. तो 12 व्होल्टच्या गाडीसाठी ठीक आहे, 48 व्होल्टच्या लिथियमचे पाच हजार अँपिअर तोडण्याची खात्री त्याच्याकडून मिळत नाही. अंगावर डीसी व्होल्टेज आणि तोडण्याची क्षमता किलो-अँपिअरमध्ये छापलेली आहे असा एचआरसी फ्यूज किंवा क्लास टी फ्यूज घ्या. क्षमता किमान 10 किलो-अँपिअर, व्होल्टेज किमान 80 डीसी. हा फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून एका वितीच्या आत बसवा. फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून तो तुकडा जितका छोटा तितका बरा. फ्यूजनंतर हाताने बंद करता येईल असा 125 अँपिअरचा डीसी आयसोलेटर लावा, कारण फ्यूज काढून लाईन बंद करणं हे रोजचं काम होऊ शकत नाही.

कंट्रोलर ते बॅटरी हा तुकडा लोक विसरतात. 2160 वॅटची पॅनेल 50 व्होल्टच्या बॅटरीला जास्तीत जास्त 43 अँपिअर देतील. सव्वापट 54. 63 अँपिअरचा डीसी एमसीबी आणि 16 स्क्वेअरची तार (40 अंशांत 66 अँपिअर) बरोबर बसते. पण तुम्ही दोन पॅनेल आणखी लावायचा विचार करत असाल तर कंट्रोलर पूर्ण 60 अँपिअर देईल, मग 80 चा ब्रेकर आणि 25 स्क्वेअर. आत्ताच 25 टाकून ठेवणं शहाणपणाचं, कारण हा तुकडा मीटरभरच असतो आणि फरक थोडा पडतो. इथे तार लांब ठेवू नका. कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज या तारेच्या आपल्या टोकाला मोजतो. तारेत अर्धा व्होल्ट पडला तरी त्याला बॅटरी भरल्यासारखी वाटते आणि तो चार्जिंग आधीच कमी करतो. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल बंद, मग बॅटरी. आणि उन्हात भार चालू असताना पॅनेलचे एमसी-फोर कनेक्टर कधीही ओढून काढायचे नाहीत.

तारेच्या गुणवत्तेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळा हिशेब तांब्याचा आहे आणि बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या नावाखाली विकली जाते. विशेषतः बॅटरीच्या जाड केबलमध्ये. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या 1.6 पट असतो, म्हणजे 35 म्हणून घेतलेली तार प्रत्यक्षात 22 सारखी वागते. ओळखायचं कसं? एक बारीक तंतू काढून ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरट निघाला तर तो मुलामा आहे. सोलर केबलचं नेमकं उलट असतं: तिला गंजू नये म्हणून कथिलाचा थर दिलेला असतो, त्यामुळे ती वरून चंदेरी दिसते आणि खरवडल्यावर आत तांबं निघतं. ते बरोबर आहे, घाबरू नका. दुसरी परीक्षा वजनाची. एक मीटर तुकड्याचं आवरण सोलून नुसती धातू वजनकाट्यावर ठेवा. 4 स्क्वेअरचं तांबं 36 ग्रॅम भरतं, 10 स्क्वेअरचं 90, 35 स्क्वेअरचं 314 ग्रॅम. थोडं इकडेतिकडे चालेल, पण 35 च्या नावाची तार 150-200 ग्रॅम भरली तर ती दुकानदाराला परत करा. सोलर केबलच्या अंगावर आयएस 17293 किंवा ईएन 50618 छापलेलं बघून घ्या. घरात वापरतो ती पीव्हीसी तार उन्हात काही वर्षांत तडकते, म्हणून पॅनेलखाली ती नको. 28 मीटरचा पट्टा जमिनीखालून दोन-अडीच फूट खोल, एचडीपीई पाइपमधून न्या. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा, कारण तुमच्याकडे घुशी आणि उंदीर आवरण कुरतडल्याशिवाय राहणार नाहीत, आणि पावसाळ्यात पाइपात पाणी साचतं ते वेगळंच.

एसीची बाजू तुमच्या वायरमनची रोजची आहे, म्हणून थोडक्यात. 3 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला 13 अँपिअर. इन्व्हर्टरच्या बाहेर 16 अँपिअरचा दोन पोलचा सी-प्रकारचा एमसीबी, तिथून डीबीपर्यंत (घरातल्या ब्रेकरांच्या डब्यापर्यंत) 4 स्क्वेअर, दिव्यांना 1.5 स्क्वेअरवर 6 अँपिअर, प्लगला 2.5 स्क्वेअरवर 16 अँपिअर. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाईन तोडणारा ब्रेकर. इथे एक खोच आहे. ऑफ-ग्रिड इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा बहुतेक वेळा जमिनीशी न जोडलेल्या असतात. महावितरणच्या लाईनमध्ये न्यूट्रल रोहित्रापाशी अर्थ केलेला असतो, म्हणून गळती झाली की करंटला परतीची वाट मिळते आणि आरसीसीबी पडतो. इथे ती वाटच नसते, त्यामुळे तुमचा आरसीसीबी नुसता शोभेला राहतो. उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या बाहेर एकाच ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थ जोडणं. पण तुमच्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत त्याला परवानगी असेल तरच. काही हलक्या, बिनट्रान्सफॉर्मरच्या यंत्रांत असं जोडलं की यंत्र जळतं. पुस्तिकेत काहीच लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याकडून लेखी विचारून घ्या. जोडणी झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका, कारण ते बटण अर्थशिवायही काम करतं. प्लगमध्ये लाईन ते अर्थ जोडून तपासणारा टेस्टर वायरमनकडून आणवा.

वळवाच्या पावसात तुमच्या भागात विजा पडतात. पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याला 6 स्क्वेअरची तांब्याची अर्थ तार, अर्थिंगचा खड्डा आणि डीसी लाईनवर एसपीडी (विजेचा झटका जमिनीत सोडणारा डबा), शक्यतो दोन्ही टोकांना. पॅनेलची अर्थिंग आणि घराची अर्थिंग एकमेकींना जोडलेली हवी. दोन अर्थ वेगवेगळ्या ठेवल्या तर वीज जवळ पडल्यावर दोन्हींमधला फरक तुमच्या कंट्रोलरमधून जातो.

तुम्ही शेवटी विचारलंय की विहिरीवरची 1 एचपीची मोटर यावर चालेल का. चालताना ती सुमारे 1100 वॅट घेते, त्यात अडचण नाही. सुरू होताना पाच-सहा पट करंट मागते, म्हणजे 6 अँपिअरची मोटर क्षणभर 30 च्या पुढे. 3 किलोवॅटचा इन्व्हर्टर दुप्पट झटका काही सेकंद देत असेल तर कदाचित उचलेल, पण बॅटरीतून त्या वेळी 150 अँपिअरच्या पुढे जातील आणि 100 अँपिअरचा बीएमएस लाईन तोडेल. तार किंवा फ्यूज वाढवून हा प्रश्न सुटत नाही. मोटरला सॉफ्ट स्टार्ट किंवा व्हीएफडी (दोन्ही मोटर हळूहळू सुरू करतात) लावा, नाहीतर पॅनेलवर थेट चालणारा डीसी पंप घ्या. विहिरीवर रात्री पाणी उपसायची गरज नसते, म्हणून मी पंप बॅटरीवर कधीच टाकत नाही.

काम संपलं की एक तपासणी स्वतः उभं राहून करून घ्या. आधी हे समजून घ्या की लूज जोडणी कुठलाही ब्रेकर किंवा फ्यूज पकडत नाही, कारण तिच्यात करंट वाढत नाही, नेहमीचाच असतो. 76 अँपिअरच्या लाईनवर एका लगमध्ये (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत) 5 मिलिओहम रोध राहिला तर त्या एका जागी 29 वॅट उष्णता होते, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त, आणि तीसुद्धा तासन् तास. म्हणून 35 स्क्वेअरचे लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या. हातोडीने चेपलेला आणि वर कथील ओतलेला लग स्वीकारू नका. अनेक तंतूंची तार एमसीबीत थेट खुपसू नका, पिन लग किंवा फेरूल लावा. इन्व्हर्टर पहिल्यांदा बॅटरीला जोडताना आतले कपॅसिटर भरताना मोठी ठिणगी पडते, बीएमएसही तोडतो. आधी आयसोलेटर बंद ठेवून त्याच्या दोन टोकांमध्ये 50 ओहम, 10 वॅटचा रेझिस्टर लावून पाच सेकंद थांबा आणि मग आयसोलेटर चालू करा. मग इस्त्री, गिझर, मिक्सर, जे असेल ते लावून 2 किलोवॅटच्या वर भार अर्धा तास चालवा. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या खांबावर आणि दुसरं त्यावर बसलेल्या लगवर टेकवा. 10 मिलिव्होल्टच्या आत आकडा आला तर जोडणी चांगली. 50 च्या वर आला तर बंद करून लग उघडा, घासा, पुन्हा घट्ट करा. असं प्रत्येक लगला, फ्यूजच्या दोन्ही बाजूंना आणि आयसोलेटरच्या दोन्ही टोकांना करा आणि आकडे डब्याच्या झाकणाच्या आत पेनने लिहून ठेवा. महिन्याभराने सगळं बंद करून स्क्रू एकदा आवळा, कारण तांब्याचे तंतू दबून बसतात आणि पहिला घट्टपणा सैल होतो. मग तीच मोजणी पुन्हा करून लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा.